‘ओइदा’ : रूप झालेल्या क्रियेचं, अर्थ आत्ताचा

प्राचीन ग्रीकमध्ये ‘ओइदा’ म्हणजे ‘मला माहीत आहे’. अर्थ वर्तमानाचा, रूप मात्र क्रिया पुरी झाल्याचं. नव्याने ग्रीक शिकणारे इथे हमखास अडखळतात. धातूचा मूळ अर्थ ‘पाहणे’ (‘एइदोन’ म्हणजे ‘मी पाहिलं’, तेही यातलंच). पाहून झालं, म्हणून आता माहीत आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे फार परकं वाटू नये. विद् धातूचं ‘अहं वेद’ हे रूपही घडणीने लिट् लकाराचं, म्हणजे भूतकाळाचं, आणि अर्थाने ‘मी जाणतो’. लिट् लकारात एरवी धातूची द्विरुक्ती होते: ददर्श, चकार. ‘वेद’मध्ये ती नाही, ‘ओइदा’तही नाही. अर्थ वर्तमानाचा आणि प्रत्यय लिट्चे, याची दखल घेऊन पाणिनीने ‘विदो लटो वा’ (३.४.८३) असं खास सूत्रच केलं: विद् धातूला वर्तमानकाळात हे प्रत्यय विकल्पाने लागतात. जोड्या लावून बघा: वेद–ओइदा, वेत्थ–ओइस्था, विद्म–इद्मेन. ‘इद्मेन’ होमरच्या काव्यातलं. अथेन्सच्या बोलीत त्याचं ‘इस्मेन’ झालं. एकवचनात ‘ओइ’ आणि अनेकवचनात नुसता ‘इ’, हा फरकही आपल्या वे-वि सारखाच. सगळ्यांत देखणी जोडी मात्र कृदन्तांची: ‘एइदोस’ म्हणजे विद्वान, आणि होमरमधलं स्त्रीलिंगी ‘इदुइआ’ म्हणजे विदुषी.

मग ग्रीकमधला ‘व’ गेला कुठे? तो उच्चारातून गळला. होमरच्या ओळींत काही ठिकाणी वृत्त लंगडतं. तिथे हा हरवलेला ‘व’ धरला की ते नीट बसतं, हे अठराव्या शतकात रिचर्ड बेंटली या इंग्रज विद्वानाने ओळखलं. काही ग्रीक बोलींच्या जुन्या शिलालेखांत हा ‘व’ लिहिलेलाही सापडतो. १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने लिनियर बी ही ग्रीकची फार जुनी लिपी उलगडली, आणि पीलोसच्या राजवाड्यातल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० मधल्या एका मातीच्या पाटीवर चक्क ‘विदे’ वाचता आलं: ‘त्याने पाहिलं’. पाटी कसली, तर भांडीकुंडी आणि सामानाची यादी!

अशी वाकडी रूपं लोक फार काळ सांभाळत नाहीत. बायबलमधल्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘ओइस्था’चं ‘ओइदास’ आणि ‘इस्मेन’चं ‘ओइदामेन’ होऊन गाडी सरळ झालेली दिसते. आजचे ग्रीक ‘माहीत आहे’साठी ‘क्सेरो’ म्हणतात, ते ‘शोधून काढणे’ या निराळ्याच क्रियापदातून आलं. जुनं रूप उरलंय ते ‘किरिओस ईदे’सारख्या ठरीव बोलण्यात, म्हणजे ‘देव जाणे’.