मरणोत्तर अपत्य आणि उणे 196 अंश

ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, कर्करोगाने मरण पावलेल्या एका अविवाहित तरुणाचे गोठवलेले वीर्य त्याच्या आई-वडिलांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. अशा बातमीवर ‘मुलगा परत येणार’ ही प्रतिक्रिया हमखास ऐकू येते. ती भाबडी आहे, आणि तिच्या आड खरा नैतिक प्रश्न झाकला जातो.

मुळात हे शक्य झाले ते गोठवण्याच्या तंत्रामुळे. पेशीला नुसती थंडी तितकी मारत नाही, जितके तिच्यातले आणि भोवतालचे पाणी मारते. तापमान उतरू लागले की बर्फ आधी पेशीबाहेर धरतो. बर्फात क्षार सामावत नाहीत, म्हणून उरलेले पाणी अधिकाधिक खारट होते आणि परासरणाने पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. थंड करण्याचा वेग फार कमी असेल तर पेशी या खारटपणात सुकून निकामी होते. वेग फार असेल तर पाण्याला बाहेर पडायला अवधीच मिळत नाही आणि आतच स्फटिक होऊन पेशीची पटले फाटतात. यातून वाट सापडली ती चुकीच्या लेबलामुळे. 1949 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचे शुक्राणू साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. सतत अपयश येत असताना एकदा अचानक यश आले. बाटली तपासली तर तिच्यात साखर नव्हतीच, होते ग्लिसरॉल. ते पेशीत शिरते, पाण्याच्या रेणूंना धरून ठेवते आणि क्षारांची तीव्रता आवाक्यात ठेवते. 1953 मध्ये गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्धही झाले. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे 196 अंश सेल्सिअसला पेशीतील रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. ज्याचे वीर्य आहे तो जिवंत आहे की नाही, याने नळीतल्या शुक्राणूला काडीचाही फरक पडत नाही.

मात्र त्या नळीत ‘मुलगा’ नसतो. शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या 23 जोड्यांपैकी प्रत्येकीतले एकच गुणसूत्र, तेही योगायोगाने, त्याच्या वाट्याला येते. केवळ या वाटपाच्या शक्यता 83,88,608 होतात, आणि गुणसूत्रांमधील तुकड्यांची देवाणघेवाण वेगळीच. (हा आकडा चौऱ्यांशी लक्ष योनींच्या जवळ जातो म्हणून ‘पूर्वजांना हे ठाऊक होते’ असे कोणी सांगू लागले, तर तो निव्वळ योगायोग आहे एवढेच म्हणावे.) जन्मणारे मूल हे मृताचे अपत्य असेल, त्याची दुसरी आवृत्ती नव्हे.

मग त्याला अपत्य हवे होते का, हे कोणी ठरवायचे? 1995 मध्ये ब्रिटनमध्ये कोमात असलेल्या एका पुरुषाचे शुक्राणू काढून ठेवण्यात आले. त्याची लेखी संमती नव्हती, म्हणून त्याच्या विधवेला ते तिथे वापरता येईनात. 1997 मध्ये अपील न्यायालयाच्या निर्णयानंतर तिला ते बेल्जियमला नेऊ दिले गेले. फ्रान्समध्ये मरणोत्तर प्रजननच निषिद्ध आहे. ‘वडिलांविना मूल’ हा आक्षेप मला दुबळा वाटतो, कारण तशी मुले सर्वत्र वाढतातच. संमतीचा आक्षेप मात्र भक्कम आहे. किमोथेरपीने शुक्राणूंची निर्मिती बंद पडू शकते, म्हणून रुग्ण आधी वीर्य साठवतो. त्यातून त्याला पुढे बाप व्हायचे होते एवढेच दिसते. आपल्या पश्चात आई-वडिलांनी, त्याने कधी न पाहिलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात त्याचे मूल वाढवावे, अशी त्याची इच्छा होती हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. हा प्रश्न वीर्य साठवण्याच्या अर्जातच एका ओळीत विचारता येतो, आणि तो विचारण्याची वेळ रुग्ण स्वतः सही करत असतो तीच असते.