पाचशे टनांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धातली स्टालिनग्राडची लढाई म्हटले की पडक्या इमारतींमधली हातघाई आठवते. पण शहरात अडकलेल्या जर्मन सहाव्या सैन्याला गोळ्यांइतकेच वजनाच्या गणितानेही हरवले, हे फारसे सांगितले जात नाही.

२३ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत फौजांचा वेढा पूर्ण झाला. आत अडीच लाखांहून जास्त माणसे होती. विमानांनी रसद पोचवू, असा शब्द जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने हिटलरला दिला. गरज रोज ५०० टनांची धरली, तर माणशी जेमतेम दोन किलो होतात. त्यातच अन्न, इंधन, दारूगोळा आणि औषधे! युंकर्स ५२ विमान एका खेपेत साधारण दोन टन माल नेई. म्हणजे रोज २५० विमाने उतरायला हवीत, रात्रंदिवस दर सहा मिनिटांना एक. डिसेंबरात तिथे उजेड असतो जेमतेम आठ तास. त्याच वर्षी रशियातल्याच डेम्यान्स्कच्या वेढ्यातले सुमारे एक लाख जर्मन सैनिक हवाई रसदीवर तगले होते. त्या यशाने वरिष्ठांचा अंदाज चुकवला.

थंडीने उरलेसुरले गणितही मोडले. उणे वीस-तीस अंशांत इंजिनातले तेल इतके घट्ट होते की इंजिन फिरतच नाही. मग कापडी नळातून गरम हवा सोडून प्रत्येक इंजिन तापवायचे, आणि युंकर्सला इंजिने तीन. दुसरा उपाय म्हणजे रात्री इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात थोडे पेट्रोल मिसळायचे. तेल पातळ राहते, सकाळी इंजिन लवकर सुरू होते आणि तापल्यावर पेट्रोल उडून जाते. प्रमाण चुकले किंवा पेट्रोल पुरते उडाले नाही, तर तेलाचा थर विरळ पडून बेअरिंग झिजतात. ही सगळी कामे उघड्या मैदानावर, बधिर बोटांनी करायची. त्यामुळे कागदावरची निम्मी विमानेही उडण्याजोगी नसत.

प्रत्यक्षात रोज सरासरी शंभर टनांच्या आसपासच माल पोचला. माणशी चारशे ग्रॅम, तोही दारूगोळ्यासकट. २४ डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे थेट वेढ्याबाहेरच्या तात्सिन्स्काया या जर्मन विमानतळावर घुसले, तेव्हा मुख्य तळच गेला आणि अंतर वाढले. १६ जानेवारीला वेढ्याच्या आतली पितोम्निकची धावपट्टी गेली. शेवटी पॅराशूटने पेटारे टाकले जात, पण बर्फातून ते ओढून आणण्याचीही ताकद सैनिकांत उरली नव्हती.

डिसेंबरात पावाचा शिधा २०० ग्रॅमवर आला होता, म्हणजे सुमारे ५०० कॅलरी. कडाक्याच्या थंडीत राबणाऱ्या माणसाला साडेतीन हजार तरी लागतात. रोजची ही तूट शरीर आधी चरबीतून भरून काढते, मग स्नायूंतून, आणि हृदयही स्नायूच आहे. जखम नाही, आजार नाही, तरी माणसे अचानक मरू लागली, तेव्हा हान्स गिरगेन्सोन या विकृतिशास्त्रज्ञाला विमानाने वेढ्यात आणले गेले. गोठलेली प्रेते आधी शेकोटीजवळ ठेवून मऊ करावी लागत. शवविच्छेदनात दिसले ते चरबीचा मागमूस नसलेले देह, आक्रसलेले हृदय आणि यकृत.

अशा शरीराला एकदम भरपेट खाऊ घालणेही घातक ठरते. अन्न मिळताच इन्सुलिन वाढते, फॉस्फेट व पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढले जातात आणि अशक्त हृदयाचा ठेका बिघडतो. म्हणून आज दीर्घ उपासमारीनंतर डॉक्टर अगदी थोड्या कॅलरींपासून सुरुवात करतात, सोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात आणि रक्तातले क्षार रोज तपासत आहार काही दिवसांत हळूहळू वाढवतात.