गौण खनिजे (शैलविज्ञान)

खडकात अल्प प्रमाणात, बहुधा १ टक्क्याहूनही कमी असणारी आणि खडकाला नाव देताना हिशेबात न धरली जाणारी खनिजे. तहसील कार्यालयात वाळू-मुरुमाच्या स्वामित्वधनासंबंधी येणारे ‘गौण खनिज’ वेगळे. तो महसुली शब्द आहे. मराठवाड्यातील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत भरलेली झिओलाइट नावाची खनिजेही यात येत नाहीत. ती लाव्हा थिजल्यावर मागाहून तयार झाली, म्हणून दुय्यम. नाव गौण असले तरी खडकाची जन्मकथा सर्वांत नेमकी हीच खनिजे सांगतात.

मराठवाडा बहुतांशी बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या याच काळ्या पाषाणाचा. पण नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे हे आवरण संपते आणि खालचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक ही ग्रॅनाइटची मुख्य खनिजे. झिरकॉन, ॲपटाइट, स्फीन, मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारे लोहखनिज) ही नेहमीची गौण. फेल्स्पारच्या पोटात ॲपटाइटची सुई अडकलेली दिसली, की ती आधी स्फटिकली हे उघड होते. मॅग्नेटाइट आणि स्फीन जोडीने आढळले, तर शिलारसात (खडक ज्यातून थिजला त्या वितळलेल्या द्रवात) ऑक्सिजनचा अंश बराच होता असे समजतात.

झिरकॉनचे मोल सर्वांत मोठे. सुमारे ०.०३ मिमी जाडीचा खडकाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की तपकिरी कृष्णाभ्रकात त्याचा बारीक कण दिसतो आणि कणाभोवती काळसर वलय. कणातील किरणोत्सर्गाने अभ्रक तिथे डागाळलेले असते. झिरकॉन स्फटिकताना युरेनियम सामावून घेतो, शिसे जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे पुढे त्यात साठलेले शिसे युरेनियमच्या क्षयातून आलेले असते. या शिशाचे युरेनियमशी प्रमाण मोजून वय कळते. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल (निम्मे युरेनियम क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षे असल्याने अतिप्राचीन खडकांचेही वय काढता येते. खडक झिजून वाळू झाली तरी हा कण टिकतो. कडा धारदार असतील तर प्रवास थोडा, गोलावल्या असतील तर लांबचा किंवा पुन्हापुन्हा झालेला.

बेसॉल्टमध्ये झिरकॉन क्वचितच मिळतो. म्हणून दख्खनच्या लाव्हाचे सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वय ठरवताना सह्याद्रीत दोन थरांमधल्या तांबड्या मातीत मिसळलेल्या ज्वालामुखी राखेतील झिरकॉन कामी आले.

बेसॉल्टची स्मृती लोहखनिजांत आहे. कोरड्या नाल्याच्या वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले, की काळे कण मिशांसारखे उभे राहतात. त्यांत मॅग्नेटाइट असते. लाव्हा निवताना या कणांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. न हललेल्या कातळातून दिशा नोंदवून काढलेल्या नमुन्यांत ती मोजल्यावर कळले, की हा लाव्हा ओतला गेला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होते.