बीएमआय नावाचा आकडा आला कुठून

दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं यावरून आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर केवढी भांडणं झाली, पण दोन्ही पार्ट्या शेवटी बोलायच्या वजनाच्याच आकड्यात, आणि त्या आकड्यावरून आपण जाड की फिट हे ठरवणारा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मुळात कुठल्या डॉक्टरने काढलेलाच नाही.

१८३० च्या दशकात बेल्जियममधले केटले, खगोलशास्त्रज्ञ माणूस, त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते मांडायचं होतं, कोण किती जाड याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच दाखवलं की प्रौढ माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. मग आले विमावाले. १९४२-४३ ला अमेरिकेच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने 'आयडियल वेट'चे तक्ते काढले, तेही फक्त पॉलिसी घेतलेल्यांच्या आकड्यांवरून, उंची बुटांसकट, वजन कपड्यांसकट. लहान, मध्यम, मोठी अंगकाठी असे रकानेही पाडले, पण अंगकाठी कुणी मोजलीच नव्हती! आणि हे तक्ते दवाखान्यात जाऊन बसले. १९७२ ला अँसेल कीज या अमेरिकन संशोधकांनी केटलेंच्या सूत्राला बीएमआय नाव दिलं, लोकसंख्येच्या अभ्यासासाठी. १९९८ ला अमेरिकेत ओव्हरवेटची रेघ पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ होती ती सरसकट २५ वर आणली, म्हणजे लाखो लोक एक ग्रॅमही न वाढता जाड ठरले.

खरी गंमत पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय २२.३, चार्टप्रमाणे दोघंही एकदम ओके, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली तेव्हाही तेच, सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५, पण कमी पडले ते स्नायू, चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे 'काडी पैलवान' म्हणून ज्याला चिडवतो त्यालाही आतल्या चरबीमुळे डायबेटिस गाठू शकतो, आणि घरचे बिनधास्त, कारण पोट दिसत नाही. आशियाई लोकांसाठी रेघ २३ वर आणा असंही तज्ज्ञांनी सुचवलं, पण रेघ कुठेही ओढली तरी चरबी कुठे आणि स्नायू किती हे त्यात येत नाहीच.

जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच तज्ज्ञांनी सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबर मोजा, अवयव नीट चालतायत का, रोजची कामं जमतायत का ते बघा. चरबी जास्त पण बाकी सगळं ठीक असेल तर लगेच आजारी ठरवू नका, पण लक्ष ठेवा.