बाउझरचं मीटर नेमकं काय मोजतं?

आमच्या डिझेल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मीटरवर 500 पडले, पण टाकीत 488च चढले." असा एखादा फोन आम्हाला अधूनमधून येतोच. कधी सोसायटीच्या जनरेटरवाल्यांचा, कधी मोशी-वाघोलीकडच्या क्रशरवरून, कधी रस्त्याच्या कामावरच्या सुपरवायझरचा. फोनवर आम्ही काहीही सांगितलं तरी समोरच्याला ती सारवासारव वाटते, आणि वाटणारच. गाडी आमची, मीटर आमचं, नोझल धरणारा माणूसही आमचाच. म्हणून हा बाउझर, म्हणजे दारात येऊन डिझेल भरणारी टाकीची गाडी, आतून कशी चालते ते एकदा लिहून काढलं. वाचून झालं की आमच्या ऑपरेटरला खुशाल आडवे प्रश्न विचारा.

इंडियन ऑइलने मार्च 2018 मध्ये पुण्यात दारापर्यंत डिझेल पोचवायला सुरुवात केली. त्याआधी टेम्पोत ड्रम टाकून पंपावर रांगेत उभं राहायचं, हीच रीत होती. आता पंपच चाकांवर येतो. त्यासाठी दोन सरकारी नजरा लागतात. गाडीची बांधणी नागपूरच्या पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटनेने, म्हणजे 'पेसो'ने, मंजूर केलेली असावी लागते. मीटरवर वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का असावा लागतो आणि तो दर वर्षी पडताळून घ्यावा लागतो. पहिली नजर आग लागू नये म्हणून, दुसरी मापात पाप होऊ नये म्हणून. या पत्रकात दुसरीबद्दलच बोलू.

लाभ, दोन, तीन...

खळ्यावर पायलीने धान्य मापतात तेव्हा भरलेली पायली ओतली की "लाभ", मग "दोन", "तीन" असं मोजत जातात. बाउझरचं मीटर हेच करतं, फक्त फार वेगाने. मीटरच्या पोटात फिरती पाती असतात. दोन पात्यांच्या मधल्या जागेत ठरावीक डिझेल मावतं. पंपाने ढकललेलं डिझेल त्या पात्यांना फिरवत पुढे जातं, आणि एका फेऱ्यात किती गेलं हे मीटर बनवतानाच ठरलेलं असतं. पात्यांच्या दांड्याला जोडलेला पल्सर प्रत्येक फेऱ्याचे ठरावीक ठोके देतो. ते ठोके मोजून डिस्प्लेवर लिटर उमटतात आणि त्यावरूनच पावती छापली जाते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे मीटर आंधळं आहे. पायलीत धान्याऐवजी भुसा आला तरी मोजणारा "पाच" म्हणणारच, तसं पात्यांमधून डिझेलऐवजी हवा गेली तरी मीटर ती लिटरमध्येच मोजतं. त्यामुळे मीटर चांगलं असणं ही निम्मी गोष्ट झाली. मीटरपर्यंत निव्वळ डिझेलच पोचावं यासाठी गाडीवर जो बाकीचा सरंजाम असतो, खरं काम तिथे चालतं.

गाडीच्या टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून डिझेल निघतं, ते पंपात येतं. पंप बहुतेक गाड्यांवर इंजिनाच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर घेणाऱ्या जोडणीवर, चालतो. वाटेत जाळी असते, ती कचरा अडवते. मग येतो हवा वेगळी करणारा डबा. तो नुसता जाड नळीसारखा दिसतो, पण आमच्या मते गाडीवरचा सगळ्यात प्रामाणिक भाग तोच. त्यात डिझेलचा वेग एकदम मंदावतो, बुडबुडे वर चढतात, वर हवा साठली की आतला तरंगता गोळा खाली येतो आणि एक छोटी वाट उघडते. हवा त्या वाटेने टाकीत परत जाते. हवा फारच आली, उदाहरणार्थ टाकीचा खण रिकामा होत आला, तर पुढचा व्हॉल्व्ह बंद होऊन पुरवठाच थांबतो. खण संपताना गाडी मध्येच थांबली तर तिच्यात बिघाड झाला असं समजू नका. ती तुमचीच बाजू राखतेय.

एकदा आमच्याच गाडीवर हे उलटं झालं होतं. जाळी साफ करून झाकण लावताना जुनंच गॅस्केट पुन्हा बसवलं गेलं. पंप ओढत असताना त्या फटीतून हवा आत यायला लागली. ती इतकी बारीक होती की डब्यात पुरती वेगळी होईना. एका क्रशरवरच्या पोकलेन ऑपरेटरच्या लक्षात आलं की मीटरजवळच्या काचेत डिझेल दुधाळ दिसतंय. त्याने हात वर करून गाडी थांबवली. त्या दिवशीचं त्यांचं बिल आम्ही डिपच्या, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून घेतलेल्या, मापावर केलं, आणि त्या पठ्ठ्याला चहा पाजला. तेव्हापासून जाळी उघडली की गॅस्केट नवीन, हा नियम. तुम्हीही भरताना त्या काचेकडे एक नजर टाका. डिझेल स्वच्छ, पारदर्शक दिसलं पाहिजे.

होजमधलं डिझेल कुणाचं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. होज म्हणजे मीटरपासून नोझलपर्यंतची लवचिक नळी. एक इंची, 30 मीटर लांब होजमध्ये साधारण 15 लिटर डिझेल मावतं. भरणं संपल्यावर ते होजमध्येच राहतं आणि गाडीबरोबर निघून जातं. मग ते 15 लिटर तुमच्याकडून घेऊन गेलो का?

नाही, कारण होज सुरुवातीलाही भरलेलाच होता. मीटरमधून 500 लिटर आत ढकलले, तेव्हा होजच्या दुसऱ्या टोकाने 500 लिटर बाहेर पडले, फक्त त्यातले पहिले 15 आधीपासून होजमध्ये होते. मात्र होज सुरुवातीला रिकामा असेल, म्हणजे दुरुस्तीनंतर किंवा नवा बसवल्यावर, तर पहिल्या ग्राहकाच्या बिलात ते 15 लिटर नाहक चढतात. म्हणून होज आधी भरून मगच मीटर शून्यावर आणायचं. तुम्ही काय पाहायचं? नोझल दाबल्याबरोबर सलग धार यायला हवी. खोकल्यासारखी हवा आणि डिझेल आलं तर तिथेच थांबवा.

आणखी एक बारीक गोष्ट. पंप सुरू झाला की दाबाने होज किंचित फुगतो आणि नोझल बंद असतानाही मीटर थोडं हलतं. म्हणून आमचा ऑपरेटर आधी पंप चालू करतो, होज ताणला जाऊ देतो, मग शून्य करतो. शून्य तुम्हाला दाखवल्याशिवाय नोझल दाबायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय.

ठरवून दिलेले लिटर, समजा 500, मीटरमध्ये आधी टाकले असतील तर शेवटी धार आपोआप बारीक होते आणि मग थांबते. ही काही लबाडी नाही. जोराच्या धारेला एकदम अडवलं तर आकडा पुढे सरकतो, म्हणून व्हॉल्व्ह दोन टप्प्यांत मिटतो.

मीटर आणि टाकी यांचं का पटत नाही

आता त्या 488 कडे येऊ. सगळ्यात मोठं कारण टाकीवरचा काटा. जनरेटरच्या टाकीवरचा काटा डिझेल संपत आलंय की नाही एवढं सांगण्यासाठी असतो, बिल तपासण्यासाठी नाही. डिपपट्टी जरा बरी, पण तिलाही मर्यादा आहे. टाकी 1.2 मीटर बाय 0.9 मीटरची असेल तर पट्टीवरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 11 लिटर. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे वाचलं की 5 लिटरचा वाद उभा राहतो. टाकी थोडी कलती असली, पत्रा फुगला असला तर आणखी फरक पडतो. (बऱ्याच टाक्यांवर 990 लिटर लिहिलेलं असतं. 1000 लिटरपेक्षा मोठ्या भांड्यातल्या डिझेलला साठवणुकीचा परवाना लागतो, म्हणून हा आकडा. टाकी खरोखर 990चीच आहे असं धरू नका, एकदा मापून घ्या.)

दुसरं कारण ऊन. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला सुमारे 0.083 टक्के. मे महिन्यात दुपारी 40 अंशांवर भरलेलं 500 लिटर डिझेल तळघरातल्या टाकीत रात्रीतून 28 अंशांवर आलं, तर सकाळी पट्टीवर साधारण 5 लिटर कमी दिसतील. चोरी झालेली नाही, डिझेलचं वजन तेवढंच आहे. आपल्याकडे पंपावर आणि बाउझरवर डिझेल त्या-त्या वेळच्या तापमानाला, लिटरवरच विकलं जातं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही ग्राहकांना सकाळची वेळ सुचवतो. आमचंही बरं, तुमचंही.

आणि मीटर जुनं झालं तर? पाती झिजली की त्यांच्या कडेने थोडं डिझेल न मोजताच निसटतं. म्हणजे मीटर कमी दाखवतं, डिझेल जास्त जातं. हे नुकसान आमचं. धार अगदी बारीक ठेवली तर हे निसटणं जास्त होतं, म्हणून मीटरच्या पाटीवर किमान आणि कमाल धार आणि किमान किती लिटर मोजावेत हे लिहिलेलं असतं. त्यापेक्षा कमी डिझेल मागू नका, आम्ही देणारही नाही.

खरी लबाडी वेगळीकडे होते. 2017 साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पेट्रोल पंपांवर छापे घातले तेव्हा पल्सरशी आणि इलेक्ट्रॉनिक्सशी केलेली छेडछाड सापडली. पाती बरोबर फिरत होती, ठोके खोटे होते. म्हणूनच पल्सर, मीटरचं समायोजन आणि रजिस्टर (लिटरचा आकडा दाखवणारा भाग) या तिन्ही जागी सील असतं. आमची गाडी असो वा दुसऱ्या कुणाची, सील तुटलेलं दिसलं तर डिझेल घेऊ नका. मीटरच्या पुढे, म्हणजे मीटर आणि नोझलच्या मध्ये, दुसरी नळी फुटून टाकीकडे परत जाताना दिसली तर तीही विचारा. मोजून झालेलं डिझेल परत वळवायला तीच वाट वापरता येते.

तुम्ही स्वतः तपासू शकता

गाडीवर 5 लिटरचं शिक्क्याचं माप असतं. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, त्यात संकोच नको. माप आधी एकदा डिझेलने ओलं करून रिकामं करायचं आणि थेंब थांबल्यावर अर्धा मिनिट निथळू द्यायचं. मग मीटर शून्य करून 5 लिटर भरायचे. 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने चालतो. जास्त भरवसा हवा असेल तर तुम्ही आधी कळवा, 20 लिटरचं माप आम्ही आणतो. मोठ्या मापात सुरुवात-शेवटाच्या थेंबांचा परिणाम कमी होतो.

डिझेलच्या दर्जासाठी घनता पाहा. जार, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर गाडीवर आहेत. 40 अंशांना 812 (किलो प्रति घनमीटर) आलं म्हणून घाबरू नका. तक्त्यावरून 15 अंशांवर नेलं की ते 829-830च्या आसपास बसतं. डिझेलबरोबरच्या चलनावर लिहिलेल्या घनतेशी 3 पेक्षा जास्त फरक नको.

गाडी यायच्या आधी एवढं करून ठेवा: डिपपट्टी वाचून आकडा लिहून ठेवा आणि त्या वेळी जनरेटर बंद ठेवा, कारण तो चालू असताना डिझेल पितच असतो आणि नंतर हिशेब लागत नाही. अर्थिंगची क्लिप टाकीला लावल्याशिवाय आमचा माणूस नोझल उचलणार नाही, तेव्हा टाकीजवळ रंग न लावलेली, उघडी धातूची जागा मोकळी ठेवा. भरून झाल्यावर फेस बसायला दहा मिनिटं द्या, मग पुन्हा पट्टी वाचा आणि छापील पावतीवर दोन्ही आकडे लिहून सही करा. पावतीची एक प्रत आमच्याकडे राहते, एक तुमच्याकडे.