हजार डॉलरची सवलत: ऑस्ट्रेलियातली दुकानं आणि परदेशी पार्सलं

ऑस्ट्रेलियात आज परदेशी वेबसाइटवरून काहीही मागवलं तरी बहुतेक वस्तूंवर १० टक्के जीएसटी पैसे भरतानाच कापला जातो. १ जुलै २०१८ पूर्वी असं नव्हतं. दारू आणि तंबाखू सोडून एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर ना जीएसटी होता, ना कस्टम ड्युटी. या सवलतीवरून तिथले मोठे दुकानदार, सरकार आणि ग्राहक जवळपास आठ वर्षं भांडत होते. भांडण कराच्या नावाने झालं. पण मागे वळून पाहिलं तर त्यात कराचा वाटा सगळ्यात लहान होता, असं माझं मत आहे.

सवलत कुणाला खूश करण्यासाठी दिलेली नव्हती. ऑस्ट्रेलियात जीएसटी आला १ जुलै २००० रोजी, जॉन हॉवर्ड पंतप्रधान असताना. सीमेवर आलेलं प्रत्येक पार्सल थांबवायचं, त्याची किंमत ठरवायची, घेणाऱ्याला कळवायचं, त्याच्याकडून चार-पाच डॉलर वसूल करायचे आणि मग ते सोडायचं, हा उद्योग परवडणारा नव्हता. शिवाय तेव्हा परदेशातून मागवणारे होते तरी किती? ऑस्ट्रेलियन डॉलर इतका पडलेला होता की २००१ मध्ये तो अमेरिकेच्या ५० सेंटच्याही खाली गेला. अमेरिकेत ५० डॉलरला मिळणारी वस्तू घरी येईपर्यंत शंभराच्या वर जायची, वर टपालखर्च. त्यामुळे सवलतीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

चित्र बदललं ते खाणींमुळे. चीनला लोहखनिज आणि कोळसा हवा होता, भाव चढत गेले आणि त्यांच्याबरोबर चलनही वर गेलं. ऑक्टोबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला आणि २०११ च्या मध्यात १.१० च्या आसपास पोहोचला. तीच ५० डॉलरची वस्तू आता ५० डॉलरलाच पडत होती. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या मात्र त्या वेगाने बदलल्या नाहीत. लोकांकडे आता इंटरनेट होतं, क्रेडिट कार्ड होतं आणि दोन किमती शेजारी शेजारी ठेवून बघण्याची सोय होती.

पुस्तकांच्या बाबतीत हा फरक सगळ्यात उघडा पडला. १९९१ पासून तिथल्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे: परदेशात निघालेलं पुस्तक स्थानिक प्रकाशकाने ३० दिवसांत ऑस्ट्रेलियात आणलं, तर दुकानदाराने त्याची परदेशी आवृत्ती विकण्यासाठी मागवायची नाही. स्थानिक प्रकाशक आणि लेखक टिकावेत हा हेतू. पण स्वतःच्या वाचनासाठी एखादी प्रत मागवायला कुणालाच बंदी नव्हती. म्हणजे जे पुस्तक दुकानदाराला स्वस्तात आणायची मनाई, तेच त्याचं गिऱ्हाईक घरबसल्या इंग्लंडच्या बुक डिपॉझिटरी या ऑनलाइन दुकानाकडून मागवत होतं. टपालखर्च शून्य, जीएसटी शून्य. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेने २००९ मध्ये ही बंदी उठवावी असं सुचवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने ते नाकारलं. फेब्रुवारी २०११ मध्ये रेडग्रुप ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बॉर्डर्सची ऑस्ट्रेलियातली पुस्तकांची दुकानं आणि अँगस अँड रॉबर्टसन ही जुनी साखळी तिच्याकडे होती. डोक्यावरचं कर्ज आणि चुकलेले निर्णय हेही तिच्या पडझडीमागे होतेच, सगळं खापर परदेशी पार्सलांवर फोडता येत नाही. पण ज्या दुकानाचे हात कायद्यानेच बांधलेले, त्याने स्पर्धा करायची कशी, हा प्रश्न उरतोच.

इतर मालात कायद्याचं काम कंपन्यांच्या किमती ठरवण्याच्या पद्धतीने केलं. अनेक आंतरराष्ट्रीय ब्रँड देशागणिक वेगळा भाव लावतात आणि एका देशासाठी एकच वितरक नेमतात. सिडनीतल्या दुकानदाराला माल त्या वितरकाकडूनच, तो सांगेल त्या भावाने घ्यावा लागतो. काही दुकानदारांचं गाऱ्हाणं तर असं होतं की आम्हाला ज्या घाऊक भावात माल मिळतो, त्याहून कमी किमतीत तो परदेशी वेबसाइटवर किरकोळीत विकला जातोय. त्यावर मॉलमधल्या गाळ्यांची भाडी, शनिवार-रविवारी द्यावा लागणारा जादा पगार आणि तेव्हाच्या सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येची, पसरलेली, दूरची बाजारपेठ. अंतर हेच इतकी वर्षं या सगळ्याचं कुंपण होतं.

अशा वेळी, २०१० च्या अखेरीस, मोठ्या दुकानदारांनी आघाडी उघडली. फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या हार्वे नॉर्मन या साखळीचे गेरी हार्वे पुढे होते; मायर, डेव्हिड जोन्स यांसारखी डिपार्टमेंट स्टोअर्सही सोबत होती. वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या: आम्ही कर भरतो, परदेशी विक्रेते भरत नाहीत, इथल्या नोकऱ्या जातील. मुद्दा खोटा नव्हता. जीएसटी पूर्ण विक्री किमतीवर लागतो. त्यातून कपड्यांवर तेव्हा आयात किमतीच्या १० टक्के कस्टम ड्युटीही होती, आणि ती भरायची ती इथल्या दुकानासाठी माल आणणाऱ्यानेच. पण ग्राहक भडकले. वर्षानुवर्षं चढे भाव लावणारे अब्जाधीश आता आमच्या स्वस्त खरेदीवर कर लावा म्हणतात, असा सूर उमटला. टीका इतकी झाली की हार्वेंनी जानेवारी २०११ मध्ये मोहिमेतून अंग काढून घेतलं.

सरकारने प्रकरण पुन्हा प्रॉडक्टिव्हिटी कमिशनकडे सोपवलं. त्याचा अहवाल २०११ च्या अखेरीस आला. त्यातला हिशोब डोळे उघडणारा होता: एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा सुमारे ६ टक्के, आणि त्यातले ४ टक्के देशातल्याच विक्रेत्यांचे. परदेशी खरेदी होती जेमतेम २ टक्के. सवलत तत्त्वतः योग्य नाही हे कमिशनने मान्य केलं, पण ती काढली तर सुमारे ६० कोटी डॉलर महसूल मिळवायला सगळ्यांचा मिळून २०० कोटींहून जास्त खर्च येईल, असं सांगितलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून आधी पार्सल हाताळणीची स्वस्त पद्धत शोधा, मग मर्यादा खाली आणा, असा सल्ला मिळाला. दुकानांच्या वेळांवरचे निर्बंध आणि नवी दुकानं कुठे उघडता येतील याचे जाचक नियम यांच्याकडेही अहवालाने बोट दाखवलं. त्याबद्दल मात्र त्या जाहिरातींच्या मोहिमेत फारसं ऐकू आलं नव्हतं.

दोन टक्क्यांनी एवढी खळबळ का व्हावी? कारण परदेशी वेबसाइटने विक्री नेली नाही तरी भाव नेला. गिऱ्हाईक दुकानात बूट घालून बघायचं, फोनवर किंमत तपासायचं आणि घासाघीस करायचं. शिवाय २०११ मध्ये झारा, २०१४ मध्ये एच अँड एम आणि युनिक्लो हे कपड्यांचे परदेशी ब्रँड स्वतःच ऑस्ट्रेलियात उतरले. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांना बोलावून त्यांच्या मालाला ऑस्ट्रेलियात जास्त किंमत का, याचा जाब विचारला. डाउनलोड होणाऱ्या सॉफ्टवेअरला ना जहाजाचं भाडं, ना गाळ्याचं. त्यामुळे तिथे कंपन्यांना पटेल असं उत्तर देणं अवघड गेलं.

कराची कोंडी शेवटी फुटली ती राज्यांच्या बाजूने. जीएसटीचा पैसा केंद्र गोळा करतं, पण तो जातो राज्यांना, त्यामुळे सवलतीचा तोटा त्यांच्या तिजोरीला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांचे अर्थमंत्री आणि केंद्राचे जो हॉकी यांच्यात मर्यादा काढण्यावर एकमत झालं. युक्ती साधी होती: पार्सल थांबवायचंच नाही. ऑस्ट्रेलियात वर्षाला ७५ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त विक्री करणाऱ्या परदेशी विक्रेत्याने किंवा प्लॅटफॉर्मने स्वतः नोंदणी करायची आणि कर गोळा करून भरायचा. अंमलबजावणी २०१७ ला ठरली होती, ती वर्षभर पुढे गेली. ईबेने आधी ऑस्ट्रेलियन ग्राहकांना परदेशी विक्रेत्यांकडून खरेदी बंद करावी लागेल असा इशारा दिला, आणि शेवटी कर घ्यायला सुरुवात केली. ॲमेझॉनने जुलै २०१८ पासून अमेरिकी साइटवरून ऑस्ट्रेलियात माल पाठवणं खरंच थांबवलं. लोकांनी नाराजी दाखवल्यावर नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. न्यूझीलंडने २०१९ मध्ये याच धर्तीवर कर आणला, आणि युरोपियन युनियनने २०२१ मध्ये २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट काढून टाकली.

पार्सलं थांबली नाहीत. कर सुरू झाल्यावर काही वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, टेमू हे स्वस्त मालाचं ऑनलाइन दुकान ऑस्ट्रेलियात आलं. शीन आधीपासून होतंच. दोघांचा माल चीनमधून थेट ग्राहकाच्या दारी जातो आणि जीएसटी भरूनही तो इतका स्वस्त पडतो की १० टक्क्यांनी काही फरक पडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोझेक ब्रँड्स ही नोनी बी, मिलर्स, केटीज अशा कपड्यांच्या दुकानांची मोठी कंपनी कोसळली, तेव्हा ‘त्यांना करात सूट आहे’ असं म्हणायची सोय उरली नव्हती. हजार डॉलरच्या आतल्या मालावर कस्टम ड्युटी अजूनही लागत नाही. पण कपड्यांवरची ड्युटी २०१५ मध्येच ५ टक्क्यांवर आली, आणि चीनशी त्याच वर्षी लागू झालेल्या मुक्त व्यापार कराराने तिथून येणाऱ्या कपड्यांवर तीही टप्प्याटप्प्याने संपली. दुकानदार आणि टेमू आता एकाच देशातून, सारख्याच करांत माल आणतात. फरक उरलाय तो मधल्या साखळीचा: वितरक, गोदाम, गाळ्याचं भाडं, दुकानातल्या मुलीचा रविवारचा पगार.