स्टिअरिंगमधली डबी : एअरबॅगच्या रिकॉलमागचा इतिहास

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मुंबई, ठाणे, पुणे किंवा सुरत पासिंगची दहा-बारा वर्षांची सेडान सहज मिळते. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, बॉनेट उघडून अपघाताच्या खुणा शोधतो, मीटर मागे फिरवलेले नाही ना याची खात्री करतो. हॉर्नच्या कव्हरखाली बसलेल्या चपट्या धातूच्या डबीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ही डबी म्हणजे एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर. मोटार उद्योगातले आजवरचे सर्वांत मोठे रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे, तिच्यामुळेच झाले.

गाडी जोरात आदळली की सेन्सरचा इशारा कंट्रोल युनिटकडे जातो, युनिट इन्फ्लेटरला वीज देते, आतल्या रसायनाच्या गोळ्या पेटतात आणि निघालेल्या वायूने एअरबॅगची पिशवी ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. हे सगळे गणित गोळीच्या घट्टपणावर बसवलेले असते. घट्ट दाबलेली गोळी वरून आत, थराथराने जळते. तीच गोळी भुसभुशीत झाली, तिच्यात बारीक छिद्रे पडली, तर आग एकदम आतपर्यंत शिरते, दाब भलताच वाढतो आणि वायू बाहेर पडण्याआधी डबीच फुटते. धातूचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यात, छातीत घुसतात. ज्या धडकेतून माणूस चालत घरी गेला असता, अशा साध्या धडकांतही यामुळे जीव गेले आहेत.

सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये सोडियम अ‍ॅझाइड असे. ते विषारी, म्हणून १९९० च्या दशकात उत्पादक पर्याय शोधू लागले. टाकाटा ही जपानी कंपनी १९३३ साली कापडाच्या धंद्यातून उभी राहिली, पुढे सीट बेल्ट आणि मग एअरबॅग करू लागली. तिने आधी टेट्राझोल वापरले आणि २००० च्या सुमारास अमोनियम नायट्रेट निवडले. ते स्वस्त आणि जळल्यावर भरपूर वायू देणारे. बहुतेक स्पर्धकांनी ग्वानिडीन नायट्रेट या दुसऱ्या रसायनाचा रस्ता धरला.

अमोनियम नायट्रेट खान्देशाला अनोळखी नाही. विहिरीच्या सुरुंगाच्या मसाल्यात ते असते आणि २०१२ पासून त्याच्या साठ्यावर आणि विक्रीवर देशात स्वतंत्र नियम आहेत. त्याची मुख्य खोड म्हणजे हवेतला ओलावा ओढणे. पावसाळ्यात गोदामात उघडी राहिलेली खताची गोणी आधी ओलसर होते आणि मग तिची ढेकळे बनतात, हे शेतकऱ्याने पाहिलेले असते. दुसरी खोड अशी की शुद्ध अमोनियम नायट्रेटचे स्फटिक ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतात आणि त्यासोबत आकारमानही. टाकाटाने यावर उपाय म्हणून स्थिर केलेले मिश्रण वापरले. पण ओलावा आणि रोजची उष्ण-थंड उलथापालथ एकत्र आली की वर्षानुवर्षांत तीही गोळी फुगते आणि सैल होते.

यात टाकाटाच्या कारखान्यांतल्या चुकांची भर पडली. अमेरिकेतल्या मोझेस लेक इथल्या गोळ्या दाबणाऱ्या प्रेसवर कमी दाबाच्या गोळ्या आपोआप बाजूला काढणारी सोय होती, पण ती बंद करता येत असे. मेक्सिकोतल्या मोनक्लोव्हाच्या कारखान्यात गोळ्या दमट हवेत उघड्या राहिल्या. त्यामुळे सुरुवातीला या दोषाकडे ‘काही खराब बॅचेस’ म्हणूनच पाहिले गेले, आणि माझ्या मते पुढची सगळी दिरंगाई याच समजुतीतून झाली.

२००४ साली अमेरिकेत अलाबामात एका होंडा अकॉर्डची डबी फुटली. ती एकटी-दुकटी घटना समजली गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिले रिकॉल झाले ते जेमतेम ४,००० गाड्यांचे. २००९ मध्ये मृत्यू झाले आणि बोलावलेल्या गाड्यांचा आकडा लाखांत गेला. २०१३ मध्ये होंडा, टोयोटा, निस्सान, माझदा या कंपन्यांनी मिळून सुमारे ३४ लाख गाड्या बोलावल्या. २०१४ मध्ये मलेशियात होंडा सिटीच्या चालकाचा बळी गेला. मे २०१५ मध्ये टाकाटाने अमेरिकेत सुमारे ३.३८ कोटी गाड्यांत दोष असल्याचे मान्य केले. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा (होंडाचाच ब्रँड) गाड्यांतले चालकाकडचे इन्फ्लेटर तर चाचणीत निम्म्यापर्यंत फुटत होते. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने अशा सुमारे ३,१३,००० गाड्या चालवूच नका, असे सांगितले. २०१७ मध्ये चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याचा गुन्हा टाकाटाने कबूल केला, १ अब्ज डॉलरचा दंड आणि भरपाई मान्य केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत बदलायचे इन्फ्लेटर सुमारे ६.७ कोटी, जगभरात १० कोटींच्या घरात. एकट्या अमेरिकेत २५ हून अधिक मृत्यू आणि ४०० हून अधिक जखमी.

मूळ कारण २०१६ च्या सुरुवातीला नीट मांडले गेले. वाहन कंपन्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांना तीन गोष्टी एकत्र सापडल्या : ओलावा शोषणारी भुकटी न घातलेले अमोनियम नायट्रेट, ओलावा आत येऊ देणारी डबीची जोडणी, आणि उष्ण-दमट हवेत गेलेली बरीच वर्षे. म्हणजे नवी गाडी धोक्याची नव्हती, ती जुनी होत गेली तशी धोक्याची झाली.

इथे खान्देशाचा प्रश्न येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद काचांच्या गाडीत त्याहून पुष्कळ जास्त तापते. पण नुसता कोरडा उन्हाळा हा सर्वांत वाईट भाग नाही. अमेरिकेत सर्वाधिक धोक्याचा ‘अ’ विभाग फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा असा दमट पट्टा होता. कोरडे आणि तापते अ‍ॅरिझोना दुसऱ्या विभागात होते. शिवाय ‘अ’ विभागात गाडीची कधीकाळी जरी नोंदणी झालेली असली, तरी ती त्याच विभागातली धरली जाई. खान्देशात फिरणारी मुंबई-ठाण्याची किंवा सुरतेची जुनी गाडी याच नजरेने बघावी. आठ वर्षे समुद्राजवळचा ओलावा घेऊन ती इथे आली आणि इथला उन्हाळा, मग जून ते सप्टेंबरचा दमटपणा तिने त्यावर सोसला.

भारतात ही रिकॉल टप्प्याटप्प्याने झाली. होंडाने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८, जानेवारी २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या २२,८३४ गाड्या बोलावल्या. सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड ही त्यातली ओळखीची नावे. तोपर्यंत रिकॉल म्हणजे २०१२ च्या उद्योगसंहितेनुसार कंपनीने स्वेच्छेने उचललेले पाऊल होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलची सक्ती करू देणारे कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. मात्र सक्तीच्या रिकॉलसाठी गाडी ७ वर्षांपेक्षा कमी वयाची हवी. जो दोष वयानेच पिकतो, त्याला ही मर्यादा अपुरी पडते. कंपनीने आधीच जाहीर केलेले रिकॉल मात्र गाडीच्या वयामुळे संपत नाही. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, एवढीच अडचण. गाडी चोपड्यात किंवा शहाद्यात तिसऱ्या हाती असेल, तर ते पत्र ठाण्याच्या कुठल्या तरी सोसायटीत पडून राहते.

म्हणून आरसी बुकवरचा १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघावा, किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये द्यावा. रिकॉल निघाले तर बदल फुकट होतो. डॅशबोर्डवरचा एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा, दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला, म्हणजे वायरिंग ठीक आहे एवढेच. गोळी सैल झाली आहे की नाही, हे तो दिवा सांगू शकत नाही.

हे काम चौकातल्या गॅरेजमध्ये करू नये. वर्कशॉपमध्ये आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात, साठलेली वीज उतरेपर्यंत काही मिनिटे थांबतात, मगच मॉड्यूल (पिशवी आणि इन्फ्लेटरचा एकत्र संच) सोडवून पिवळा कनेक्टर काढतात. त्या कनेक्टरला मल्टिमीटर लावून बघण्याची सवय जीवघेणी आहे, कारण मीटरचा अल्प करंटही डबी पेटवू शकतो. सुटे मॉड्यूल टेबलावर ठेवताना कव्हरची बाजू वर ठेवतात. दिवा विझवण्यासाठी एअरबॅग काढून जागी रेझिस्टर, म्हणजे एअरबॅग जोडलेली आहे असे यंत्रणेला भासवणारा विजेचा छोटा भाग, लावून देणारेही भेटतात. अशा गाडीत धडकेच्या वेळी समोर काहीच उरत नाही.

अपघात झालेल्या गाडीत भंगारातून आणलेली एअरबॅग बसवलेली असेल, तर चेसिस नंबर ‘काही प्रलंबित नाही’ असेच दाखवील, कारण नोंद गाडीची असते, डबीची नाही. स्टिअरिंगचे कव्हर जोडाशी उचकलेले किंवा रंगात वेगळे दिसले, तर वर्कशॉपकडून मॉड्यूल उतरवून इन्फ्लेटरवरचे लेबल वाचून घ्यावे.